पाणीपट्टी का फुगते? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

उन्हाळ्यातील महिन्यांची बिले हाती पडली की या सदराकडे पाण्याविषयीची पत्रे वाढतात. या वेळी घरगुती वापर आणि पाणीपट्टी यांविषयीचेच प्रश्न एकत्र घेतले आहेत. पाण्याचे दर गावोगावी वेगळे असल्यामुळे पुढे दिलेले रुपयांचे उदाहरण केवळ समजण्यापुरते आहे. लिटरचे हिशेब मात्र कोणत्याही गावी लागू पडतील.

प्रश्न : आम्ही पाच जण स्वतःच्या बैठ्या घरात राहतो. आधीच्या तिमाहीत आमचा वापर ५८ युनिट होता, या तिमाहीच्या बिलात तो ९७ दाखवला आहे. या काळात घरी पाहुणे नव्हते, बांधकाम नव्हते आणि आमच्याकडे बागही नाही. शिवाय वापर दीडपटीच्या थोडा पुढे गेलेला असताना बिलाची रक्कम अडीच पटीहून अधिक कशी झाली? मीटरच जास्त पळत असेल का? (एक वाचिका, पुणे जिल्हा)

उत्तर : आधी रकमेविषयी. एक युनिट म्हणजे एक घनमीटर, म्हणजेच १,००० लिटर. बहुतेक ठिकाणी घरगुती पाण्याचा दर टप्प्याटप्प्याने चढत जातो. समजा, तिमाहीत पहिल्या ४५ युनिटांना प्रत्येकी १० रुपये, पुढच्या ३० युनिटांना २० रुपये आणि त्यापुढच्या प्रत्येक युनिटाला ४० रुपये असा दर आहे. ५८ युनिटांचे ७१० रुपये होतात, तर ९७ युनिटांचे १,९३० रुपये. वाढलेले प्रत्येक युनिट वरच्या, महाग टप्प्यात जाऊन बसते, म्हणून वापरापेक्षा बिल वेगाने वाढते. याचा दुसरा अर्थ असा की वाचवलेले युनिटही सर्वांत महाग टप्प्यातूनच वजा होते.

आता वापराविषयी. तिमाहीचे ९१ दिवस धरले, तर ५८ युनिट म्हणजे माणशी दिवसाला सुमारे १२७ लिटर पाणी. मलनिस्सारणाची सोय असलेल्या शहरांतील पाणीयोजना आखताना माणशी १३५ लिटर धरतात, त्याहून आपले घर कमीच वापरत होते. ९७ युनिटांचा हिशेब माणशी २१३ लिटरवर जातो. रोजची वाढ सुमारे ४३० लिटर आहे, आणि घरातील कोणाची सवय न बदलता एवढे पाणी खर्च होत नाही. हेच ४३० लिटर चोवीस तासांत वाटले, तर मिनिटाला साधारण ३०० मिलिलिटर होतात, म्हणजे चहाचे दोन कप. एवढी गळती आवाज करत नाही आणि जमिनीत किंवा गटारात मुरत असेल, तर वर्षभरही डोळ्यांना दिसत नाही.

मीटरवर संशय घेण्याआधी बिल नीट वाचावे. मागील आणि चालू नोंद, दोन्हींच्या तारखा आणि शेरा पाहावा. ‘घर बंद’ किंवा ‘मीटर बंद’ असा शेरा मारून आधी सरासरीने बिल दिले असेल, तर राहून गेलेला वापर प्रत्यक्ष नोंद घेतल्यावर एकाच बिलात जमा होतो आणि विनाकारण वरच्या टप्प्यात ढकलला जातो. तसे असल्यास तो वापर संबंधित महिन्यांत विभागून त्याप्रमाणे टप्पे लावावेत, असा लेखी अर्ज पाणीपुरवठा विभागाकडे द्यावा. जुना यांत्रिक मीटर झिजला की सहसा कमी मोजतो, जास्त नव्हे. याला अपवाद हवेचा आहे. जिथे पाणी ठरावीक वेळेलाच येते, तिथे रिकाम्या नळातील हवा सुरुवातीला मीटरमधून ढकलली जाते आणि मीटरची चक्री फिरते. पाणी येण्याच्या वेळी पाच मिनिटे मीटरपाशी उभे राहिले की हे दिसून येते. मीटर पडताळायचा असेल, तर वीस लिटरची बादली पाच वेळा भरून मीटरच्या लाल आकड्यांत १०० लिटरची वाढ दिसते का, ते पाहावे.

गळती शोधताना एक चूक सर्रास होते. ‘सगळे नळ बंद करा आणि मीटर फिरतो का पाहा’ हा सल्ला चोवीस तास पाणी असलेल्या घरासाठी आहे. आपल्याकडे बहुधा मीटरमधून पाणी जमिनीखालच्या टाकीत आणि तिथून पंपाने वरच्या टाकीत जाते. अशा घरात पुरवठा बंद असताना मीटर फिरणारच नाही, मग नळ गळत असो वा नसो. म्हणून तपासणी तीन भागांत करावी.

पाणी आलेले असताना खालच्या टाकीच्या तोंडाचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करावा. मीटर तरीही फिरत असेल, तर मीटर आणि टाकी यांच्यामधली जमिनीतील नळी फुटली आहे. मीटर थांबला, तर रात्री पुरवठा नसताना खालच्या टाकीत काठी उभी करून पाण्याची खूण करावी, पंप बंद ठेवावा आणि सकाळी पुन्हा मोजावे. दोन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे ३० लिटर. आपली गळती तिथे असेल, तर आठ तासांत पातळी सुमारे पाच सेंटिमीटर उतरलेली दिसेल. (पावसाळ्यात पातळी उतरण्याऐवजी चढलेली आढळली, तर ते अधिक गंभीर आहे, कारण भेगांतून बाहेरचे पाणी आत येत आहे आणि ते पिण्यायोग्य नाही.) वरच्या टाकीचीही हीच परीक्षा दोन रात्री घ्यावी. एका रात्री टाकीखालचा मुख्य व्हॉल्व्ह बंद ठेवावा आणि दुसऱ्या रात्री तो उघडा ठेवून घरातील सर्व नळ बंद करावेत. फक्त दुसऱ्या रात्रीच पाणी उतरले, तर दोष घरातील नळ्यांत किंवा संडासाच्या फ्लशमध्ये आहे.

माझा पहिला संशय फ्लशच्या टाकीवरच आहे. तिच्यात थोडी नीळ टाकावी आणि अर्धा तास फ्लश वापरू नये. भांड्यात निळसर पाणी उतरले, तर तळाचे रबरी वॉशर गेलेले आहे. ते स्वस्त असते आणि प्लंबर ते थोड्या वेळात बदलून देतो. दुसरा संशय बॉल कॉकवर. पहाटे पाणी येते, टाकी भरते, बॉल कॉक अडकलेला असतो आणि वाहून जाण्याची नळी थेट गटारात सोडलेली असते. ही नळी उंबऱ्याजवळ, येता-जाता दिसेल अशी काढून घ्यावी.

प्रश्न : पाणी वाचवण्याच्या पन्नास सूचना वाचायला मिळतात. भाजी धुतलेले पाणी झाडांना घालणे आम्ही वर्षानुवर्षे करतो, पण बिलात फरक दिसत नाही. नेमके कशाने फरक पडतो? (एक वाचक, नाशिक जिल्हा)

उत्तर : भाजीचे पाणी झाडांना जरूर घालावे, मात्र त्याने बिल उतरणार नाही, कारण ते पाणी मुळातच थोडे आहे. भारतीय मानकांत माणशी १३५ लिटरची जी विभागणी धरली आहे, तीत अंघोळीला ५५ लिटर, संडासाच्या फ्लशला ३०, कपडे धुण्याला २०, घर पुसण्या-धुण्याला १०, भांड्यांना १० आणि स्वयंपाक व पिण्यासाठी प्रत्येकी ५ लिटर आहेत. अंघोळ आणि फ्लश मिळून ८५ लिटर होतात. म्हणजे बिलाची लढाई न्हाणीघरात आणि संडासात आहे, स्वयंपाकघरात नाही.

जुन्या फ्लशच्या टाकीतून एका वेळी दहा-बारा लिटर पाणी जाते. दोन बटणांच्या नव्या टाकीतून मोठ्या बटणाने सुमारे सहा आणि छोट्या बटणाने तीन लिटर जाते. माणशी दिवसाला एकदा मोठे आणि चार वेळा छोटे बटण दाबले, तर १८ लिटर लागतात. जुन्या टाकीने तेच पाच वेळा ५० लिटर. पाच जणांच्या घरात हा फरक महिन्याला जवळजवळ पाच युनिटांचा आहे. टाकी बदलायची नसेल, तर तिच्यात पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली ठेवावी. वीट ठेवू नये, कारण ती झिजून तिची भुकटी वॉशरमध्ये अडकते आणि गळती सुरू होते.

अंघोळीला बादली-तांब्या वापरणाऱ्याचे काम पंधरा-वीस लिटरमध्ये होते. साधा शॉवर मिनिटाला सुमारे दहा लिटर सोडतो, तेव्हा आठ मिनिटांच्या अंघोळीला ८० लिटर गेले. घरातील तरुण मंडळी शॉवर सोडणार नाहीत हे गृहीत धरून कमी प्रवाहाचे तोंड बसवावे; उपदेशापेक्षा ते अधिक उपयोगी पडते. बेसिनच्या आणि भांड्यांच्या नळाला जाळीदार एरेटर लावला की प्रवाह निम्म्याहून कमी होतो आणि पाण्यात हवा मिसळल्यामुळे धार भरीव वाटते. क्षार जास्त असलेल्या भागात तो अधूनमधून काढून व्हिनेगरमध्ये बुडवून धुवावा लागतो. कपड्यांचे यंत्र घेताना समोरून उघडणाऱ्या यंत्राला वरून उघडणाऱ्यापेक्षा बरेच कमी पाणी लागते, हे लक्षात घ्यावे, परंतु चालू यंत्र केवळ पाण्यासाठी मोडीत काढण्यात अर्थ नाही.

प्रश्न : आमच्याकडे एक दिवसाआड पाणी येते. नवे पाणी आले की सासूबाई आदले पाणी ‘शिळे’ म्हणून पिंपासकट ओतून देतात. दोन दिवसांचे पाणी खरेच पिण्यास अयोग्य असते का? (एक वाचिका, सोलापूर जिल्हा)

उत्तर : स्वच्छ, झाकलेल्या भांड्यात साठवलेले आणि ओगराळ्याने किंवा तोटीने काढलेले नळाचे पाणी दोन दिवसांत खराब होत नाही. सासूबाईंच्या सवयीमागे जुन्या काळातील उघड्या हंड्या-घागरींचा अनुभव असावा आणि तो चुकीचा नव्हता. हात बुडवून तांब्या भरला, की पाण्यातील क्लोरीनचा अंश झपाट्याने संपतो आणि मग पाणी एका दिवसातही बिघडू शकते. त्यामुळे त्यांच्याशी वाद पाण्याच्या वयावरून न घालता भांड्याच्या झाकणावरून घालावा.

आठवड्यातून एकदा मात्र पिंप रिकामे करून आतून घासून कोरडे करावेच. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. कोरडा दिवस पाळण्याचा आग्रह त्यासाठीच असतो. तो वार पाणी येण्याच्या दिवशीच ठरवावा आणि निघालेले पाणी कपड्यांना किंवा फरशीला वापरावे, म्हणजे काहीच ओतून द्यावे लागणार नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीत पाण्याचे आणि टँकरचे पैसे सर्वांना सारखे लावतात. आम्ही दोघे ज्येष्ठ नागरिक आहोत, शेजारी सात माणसे आहेत. हे नियमाला धरून आहे का? (एक वाचक, ठाणे जिल्हा)

उत्तर : राज्यातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पाण्याचा आकार प्रत्येक गाळ्यातील नळजोडांची एकूण संख्या आणि आकार यांवर वाटायचा असतो. सरसकट समान वाटणी ही देखभाल-सेवा शुल्कासाठी आहे, पाण्यासाठी नाही. आपण समितीकडे लेखी मागणी करू शकता. मात्र नळजोडांवर वाटले तरी तुमचा आणि शेजाऱ्यांचा सदनिका-नमुना एकच असेल, तर रक्कमही तीच येईल. उपविधी नळ मोजतो, माणसे नव्हे.

खरा उपाय प्रत्येक घराला मीटर हा आहे. कराडजवळच्या मलकापूरने चोवीस तास पाण्याची योजना राबवताना घरोघरी मीटर आणि चढते दर यांचाच आधार घेतला. जुन्या इमारतींत अडचण अशी, की स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि संडास यांना गच्चीवरून वेगवेगळ्या नळ्या उतरतात, त्यामुळे एका घराला तीन-चार मीटर बसवावे लागतात. हा खर्च सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्याआधी समितीने एक स्वस्त काम करावे : महिनाभर पालिकेच्या मीटरची रोजची नोंद, कूपनलिकेच्या पंपाचे तास आणि आलेले टँकर एका वहीत लिहावेत. टँकर दहा हजार लिटरचा म्हणून येतो; तो रिकामा होण्याआधी आणि नंतर टाकीतील पातळी मोजली की प्रत्यक्षात किती पाणी उतरले, ते कळते. टँकर उतरत असताना पंप बंद ठेवावा, नाहीतर मोजमाप फसते. एकूण पाणी रहिवाशांच्या संख्येने भागून माणशी दोनशे लिटरच्या वर आकडा आला, तर भांडण वाटणीचे नसून गळतीचे आहे, असे समजावे.

प्रश्न : आरओ यंत्रातून सतत पाणी वाया जाते. ते वापरता येईल का? (एक वाचिका, कोल्हापूर जिल्हा)

उत्तर : येईल, पण आधी यंत्राची गरज तपासावी. घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लिटर पाणी बाहेर टाकतो. पाण्यातील विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील, तर क्षारांसाठी आरओची आवश्यकता नसते. अशा ठिकाणी आरओच्या वापरास मनाई करावी, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला सांगितले होते. सह्याद्रीतील धरणांच्या पाण्याचा टीडीएस सहसा याच्या बराच खाली असतो. तिथे साधा गाळणारा आणि अतिनील किरणांचा शुद्धीकरण संच पुरतो. कूपनलिकेच्या खाऱ्या पाण्यामुळे आरओ लागतच असेल, तर त्याचे टाकाऊ पाणी बादलीत धरून फरशीसाठी किंवा संडासात वापरावे. त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात, म्हणून ते कुंड्यांना रोज घालू नये आणि गाडी धुतल्यास शेवटचा हात साध्या पाण्याचा फिरवावा, नाहीतर काचेवर पांढरे डाग राहतात.