लहानपणीचं वजन मोठेपणी नडतं का? तुमचे प्रश्न

मुलगा ६ वर्षांचा, वजन २९ किलो, उंची ११६ सेंमी. सासूबाई म्हणतात बाळसं आहे, उंची काढली की उतरेल. उतरतं का हो डॉक्टर?

काहींचं उतरतं, पण त्या भरवशावर बसू नका. बाळसं वर्षाच्या बाळाचं, पुढे मुलं पळायला लागली की सडसडीत होतात आणि साधारण पाच ते सात वर्षांच्या मध्ये बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) परत चढायला लागतो. तुमच्या लेकाचा साडेएकवीस येतोय, मोठ्या माणसाला एकदम मस्त, पण सहा वर्षांच्या पोराला हा सरळसरळ लठ्ठपणा. जर्मनीत लाइपझिगला ५१ हजारांच्या आसपास मुलांच्या नोंदी तपासल्या (२०१८), तर तिसऱ्या वर्षी जी लठ्ठ होती त्यातली जवळपास ९० टक्के वयात आल्यावरही जाडच होती.

पण घाबरू नका, त्याच वर्षी डेन्मार्कमधून ६२ हजार पुरुषांचा अभ्यास आला. सातव्या वर्षी जाड असलेली जी मुलं तेराव्यापर्यंत नॉर्मलला आली आणि तशीच राहिली, त्यांना टाइप टू डायबेटिसचा धोका कधीच जाड नसलेल्यांइतकाच. म्हणजे वेळ आहे हातात. आत्ता वजन उतरवायचंही नाही, फक्त वाढू द्यायचं नाही, उंची आपोआप पुढे जाते.

मुलगी जन्मली तेव्हा २.२ किलोची होती, सगळे नावं ठेवायचे. आता चौथीत छान भरलीये. काळजी मिटली ना?

उलट मी हिच्याकडे जास्त लक्ष देईन. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं अभ्यासली. बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची साडेतीनची, आपली बाळं दिसायला किडकिडीत, मसल कमी, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र बऱ्यापैकी शाबूत! आणि दिल्लीच्या २००४ च्या अभ्यासात पंचविशी-तिशीत ज्यांची शुगर बिघडली ते दोन वर्षांपर्यंत बारीक होते, मग बीएमआय चढत गेला, तरी बाराव्या वर्षी त्यातलं कुणीच लठ्ठ म्हणण्यासारखं नव्हतं.

म्हणून आजचा एक आकडा बघून काही कळत नाही हो, वाढीची रेघ कुठून कुठे गेली ते बघायचं. लसीकरणाची फाइल, शाळेचं हेल्थ कार्ड, जिथे वजन-उंची लिहिलेली सापडेल ती घेऊन बालरोगतज्ज्ञांकडून वाढीच्या तक्त्यावर टाकून घ्या (५ वर्षांनंतर आयएपीचा, म्हणजे भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा, २०१५ चा तक्ता). घरी दोन गोष्टी बघा. कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे का, आणि मानेच्या मागे काळपट, मखमलीसारखा जाडसर पट्टा आलाय का. तो मळ नसतो, आया बिचाऱ्या उटणं लावून घासत बसतात, पोरगी रडते आणि पट्टा तिथेच. बऱ्याचदा ती इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते, दिसला तर शुगर तपासून घ्या.

मी शाळेत काडीपैलवान होतो, आता ९२ किलो. मग लहानपणच्या वजनाला काय अर्थ?

लठ्ठ मुलं मोठेपणी लठ्ठ राहण्याची शक्यता इतरांच्या पाचपट, हे खरं. पण आज लठ्ठ असलेल्या मोठ्यांपैकी ७० टक्के लहानपणी तसे नव्हते, हेही खरं, कारण मुळात बारीक मुलंच जास्त असतात. तुम्ही त्या सत्तरातले. शाळेतला फोटो दाखवू नका, लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे) आणि शुगर तपासून घ्या.

११ वर्षांच्या मुलीचं रात्रीचं जेवण बंद केलंय, चालेल ना?

नाही! आजच सुरू करा. वाढीचं वय आहे, उपाशी ठेवलं की ती लपून फरसाण खाणारच. त्यापेक्षा ज्यूसचे पॅक आणि चहासोबतचा बिस्किटांचा पुडा घरात आणणंच बंद करा, सगळ्यांसाठी, बाबांसाठीसुद्धा. जेवताना मोबाइल नको, संध्याकाळी तासभर खाली खेळायला सोडा, क्लास एखादा कमी झाला तरी चालेल. आणि पाहुण्यांसमोर तिला "जाडे" म्हणणाऱ्या मामाला तुम्हीच गप्प करायचं, तिने नाही.