पिवळट झाक आणि काळा ठिपका

प्रश्न : आजेसासूबाईंच्या हिऱ्यांच्या कुड्या माझ्याकडे आल्या आहेत. त्यांचं लग्न १९३८ सालचं, कुड्या तेव्हाच्या. फिरकी सैल झाली म्हणून सराफांकडे नेल्या, तर ते म्हणाले, "हिरे पिवळट आहेत, एका कुडीच्या मधल्या हिऱ्यात काळा डाग आहे. हे द्या, त्याच मापाचे पांढरेशुभ्र लॅबचे हिरे बसवून देतो. तेही हिरेच." त्यांचं तपासणीचं पेन दोन्हींवर सारखंच वाजलं. घरात मात्र हे गोवळकोंड्याचे हिरे असं सांगतात. मग नैसर्गिक हिरा वेगळा तो कशाने? बदलून घेऊ का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, बदलू नका. कुड्या सराफांकडे ठेवून आला असाल, तर आजच घरी आणा.

सराफांचं एक म्हणणं खरं आहे. लॅबमधला हिरा नकली नसतो. तोही कार्बनच, तितकाच कठीण. ते पेन फक्त खडा उष्णता किती झटकन वाहून नेतो ते पाहतं, आणि त्यात दोन्ही हिरे सारखेच. म्हणून पेन वाजलं यावरून हिरा जमिनीतला की यंत्रातला, हे कळत नाही. तुमच्या बाबतीत ते सांगतं आजेसासूबाईंच्या लग्नाचं साल. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत हिरे तयार झाले ते १९५४च्या डिसेंबरात, तेही दागिन्यात बसवण्याजोगे नव्हेत, बारीक कणांसारखे. पेनाला फसवणारा मॉयसनाइट, म्हणजे हिऱ्यासारखा दिसणारा कृत्रिम खडा, दागिन्यांत आला तो त्याच्याही पुष्कळ नंतर. तेव्हा मधल्या काळात कोणी खडे बदलले नसतील, तर तुमच्या कुड्यांतले हिरे जमिनीतलेच.

आता पिवळट झाक. ती येते नायट्रोजनमुळे. हिरा घडताना कार्बनच्या जोडीला थोडा नायट्रोजन आत शिरतो. सुरुवातीला त्याचे अणू एकेकटे विखुरलेले असतात. जमिनीखाली दीडशे-दोनशे किलोमीटरवर, हजार अंशांहून जास्त उष्णतेत हिरा कोट्यवधी वर्षं पडून राहतो, तेव्हा हे अणू हळूहळू सरकत एकमेकांपाशी येतात, त्यांच्या जोड्या आणि पुंजके होतात. यंत्रात काही दिवसांत किंवा आठवड्यांत वाढवलेल्या हिऱ्याला हा वेळ मिळालेलाच नसतो. प्रयोगशाळेत अवरक्त किरणांनी हिरा तपासतात, तेव्हा मुख्यतः हेच पुंजके शोधतात. ज्या झाकेपायी तुमचे हिरे कमी प्रतीचे ठरले, बहुधा तीच त्यांच्या वयाची खूण आहे.

आणि तो काळा डाग! मी तीस वर्षं भूशास्त्र शिकवलं, आता रत्नं तपासते, आणि भिंगाखाली असा ठिपका दिसला की अजूनही माझा हात थांबतो. हिरा शुद्ध कार्बन, त्याचं वय थेट मोजता येत नाही. कार्बन-१४ची पद्धत पन्नासेक हजार वर्षांच्या पलीकडे चालत नाही. वय मोजतात ते हिऱ्यात अडकलेल्या दुसऱ्या खनिजाच्या कणावरून : लाल गार्नेट, किंवा काळं सल्फाइड. अशा कणांवरूनच कळलं की बहुतेक हिरे एक ते तीन अब्ज वर्षांपूर्वीचे आहेत. कोळशाचा हिरा होतो, असं आपण मुलांना सांगतो ते म्हणूनच चूक. कोळसा झाडांचा, आणि जमिनीवर झाडंझुडपं येऊन पन्नास कोटी वर्षंही झालेली नाहीत.

एवढ्या खोलीतून हिरा वर येतो तो ज्वालामुखीच्या झपाट्यात. रेंगाळत आला तर वाटेतच त्याचं ग्राफाइट व्हायचं. मध्य प्रदेशात पन्नाजवळ मझगवाँला अशा ज्वालामुखीचं तोंड मी विद्यार्थ्यांना घेऊन पाहिलं आहे. करडा-हिरवट, मऊसर खडक, त्यात चमकणारं काहीच नाही. मुलं हिरमुसली होती.

गोवळकोंड्याचं मात्र मी तुम्हाला खात्रीने सांगणार नाही. गोवळकोंडा ही बाजारपेठ, खाणी होत्या कोल्लूरसारख्या, कृष्णेच्या काठाने. तिथले नावाजलेले हिरे बहुधा नायट्रोजन जवळजवळ नसलेले, पाण्यासारखे. १८७०नंतर बाजारात दक्षिण आफ्रिकेचे हिरे आले आणि अशा पिवळट छटेला व्यापारी 'केप' म्हणू लागले. तुमचे तिकडचे असण्याचा संभव जास्त. घरच्यांना वाईट वाटेल, पण हिऱ्याचं वय त्याने एका दिवसानेही कमी होत नाही.

बाजारात पिवळटपणाला आणि डागाला किंमत कमी मिळते, हे खरंच. विकायचे असते तर मी तसं सांगितलं असतं. पण तुम्ही विकत नाही आहात, आणि लॅबच्या हिऱ्यांचे भाव गेल्या काही वर्षांत खूप उतरले आहेत. या अदलाबदलीत फायदा तुमचा नाही.

फिरकी समोर बसून दुरुस्त करून घ्या. त्याआधी रत्नपरीक्षेच्या प्रयोगशाळेतून दाखला घ्या. त्या काळ्या ठिपक्याचा भिंगातून मोठा केलेला फोटो मागून घ्या. तसा ठिपका दुसऱ्या हिऱ्यात तसाच सापडत नाही, त्यामुळे पुढे कधी कुड्या कुणाच्या हाती दिल्या तर आपलाच हिरा परत आला की नाही ते पाहता येईल.

शिवाय निम्मा पिवळेपणा कदाचित सोन्याच्या कोंदणाचा आणि केसांच्या तेलाचा असेल, हिऱ्याला तेल फार पटकन चिकटतं. कोंदण मागून उघडं असेल तर कोमट साबणपाणी आणि मऊ ब्रश. बंद असेल तर पाण्यात बुडवू नका, नुसत्या ओलसर कापडाने पुसा.