सर्व्हिस लिफ्टच्या नोटिशीबद्दल: जिची स्वतःची सही तशाच नोटिशीवर होती तिचं उत्तर

तुमचा प्रश्न असा की ठाण्यात मानपाड्याच्या तुमच्या टॉवरमध्ये कमिटीने नोटीस लावलीय, "घरकाम करणाऱ्या बायका, ड्रायव्हर आणि डिलिव्हरीवाल्यांनी फक्त सर्व्हिस लिफ्ट वापरावी", आणि हे संविधानात बसतं का, सरकारकडे तक्रार करता येते का. खाली एकाने लिहिलंय प्रॉपर्टी आमची तर नियम आमचे, दुसरा म्हणतो आरटीआय टाका, तिसरा म्हणतो सरळ ॲट्रॉसिटी लावा. तिघांचंही अर्धवट आहे म्हणून लांबलचक लिहितेय, चहा घेऊन बसा.

आधी कबुली देते. आमची सोसायटीपण घोडबंदर रोडलाच, तीन विंग, मी सहा वर्षं सेक्रेटरी होते आणि अशीच नोटीस आमच्याकडे लागली तेव्हा खाली सही माझी होती. सकाळी ऑफिसच्या वेळी लिफ्ट मिळत नाही अशी दोन-तीन जणांची तक्रार होती, कमिटीत पाच मिनिटांत विषय संपला, लॅमिनेशन करून चिकटवून टाकली. लॅमिनेशनचे वीस रुपयेसुद्धा व्हाउचरवर दाखवले, एवढी मी नियमाने चालणारी बाई.

मग आमच्या पोळ्यांच्या मावशी रोज उशिरा यायला लागल्या. लोकमान्यनगरहून येतात, आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये सहा घरं करतात. मी एक दिवस चिडून बोलले तर म्हणाल्या, "ताई, एकदा सव्वानऊला खाली येऊन उभ्या राहा ना." राहिले. सर्व्हिस लिफ्ट त्या वेळेला कचऱ्याची असते, हाउसकीपिंगची पोरं वरपासून प्रत्येक मजल्यावर थांबत निळे ड्रम भरत खाली येतात, लिफ्टमध्ये ओल्या कचऱ्याचं पाणी सांडलेलं, बायका साडीचा काठ हातात धरून उभ्या. माझ्यासकट दहा जणी. आणि शेजारची मेन लिफ्ट दार उघडं टाकून रिकामी. बारा मिनिटं लागली आम्हाला चौदाव्या मजल्यावर जायला. मावशींचं दिवसातून चार-पाचदा चढणं-उतरणं होतं, म्हणजे हिशोब केला तर जवळजवळ तास. हा तास कुणाच्याच पगारात नाही, वर प्रत्येक घरी "आज पण उशीर?" हे ऐकायचं. नोटीस लावताना हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं, कारण मी कधी त्या लिफ्टने गेलेच नव्हते.

आता कायदा. समानतेचं 14 वं कलम हे सरकारविरुद्ध आहे, आणि हाउसिंग सोसायटी सहकार खात्याकडे रजिस्टर असली म्हणून ती सरकार होत नाही. आरटीआयचंही तसंच, सुप्रीम कोर्टाने 2013 मध्ये केरळच्या एका सहकारी बँकेच्या केसमध्ये सांगितलं की नुसतं सहकार कायद्याखाली आहे म्हणून संस्था आरटीआय लागू होणारं सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही. तेव्हा सेक्रेटरीला आरटीआयचा अर्ज देऊन काही हाती लागणार नाही.

15 व्या कलमाचा दुसरा भाग मात्र खासगी माणसालाही लागू आहे. दुकानं, हॉटेलं, सार्वजनिक विहिरी, तलाव, रस्ते इथे धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कुणाला अडवायचं नाही. पण ती यादी नीट वाचा, टॉवरची लिफ्ट त्यात नाही आणि "काम" हे कारणही त्यात नाही. कोण काय काम करतं त्यावरून अडवलं तर हे कलम गप्प बसतं. 17 वं कलम, अस्पृश्यतेचं, तेही खासगी लोकांना लागू आहे आणि त्यासाठी 1955 चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे, 1989 चा ॲट्रॉसिटी कायदा आहे. पण तुमच्या नोटिशीत जात लिहिलेली नाही, आणि ती कोणी लिहीतही नाही, सगळे शिकलेले आहेत. रांगेतल्या बायकांची आडनावं विचारली तर जे दिसतं ते कागदावर सिद्ध करायचं म्हणजे दुसरंच काम. हां, कुणी जातीवरून बोललं असेल, तिच्यासाठी बाहेर वेगळा कप टांगला असेल (आहेत अशी घरं, ठाण्यातच आहेत), तर गोष्ट वेगळी, मग वकिलाकडेच जा.

2005 मध्ये अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सभासदत्व फक्त पारशांपुरतं ठेवायचा नियम मान्य केला होता. म्हणजे कोर्ट खासगी संस्थेच्या बाजूने उभं राहतं हेही खरं. उलट जानेवारी 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक असं म्हटलं की 19 आणि 21 व्या कलमातले (स्वातंत्र्याचे आणि जगण्याचे) हक्क खासगी व्यक्तींविरुद्धही मागता येतात. पण ती केस मंत्र्यांच्या बोलण्यावरून होती, तिथून तुमच्या लिफ्टपर्यंतचा रस्ता बराच लांब आहे, घोडबंदरच्या ट्रॅफिकसारखा.

"प्रॉपर्टी आमची"वाल्या भाऊंसाठी. हे वाक्य नवीन नाहीये. माझं माहेर महाडजवळचं आहे. मुंबई कायदेमंडळाच्या 1923 च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले झाले, महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केलं, 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी लोकांना घेऊन तिथलं पाणी प्यायलं, आणि मग गावातले काही सवर्ण कोर्टात गेले ते काय म्हणून? तर तळं खासगी मालकीचं आहे म्हणून. जात मध्ये नाहीच साहेब, आमच्या मालकीचा प्रश्न आहे! त्या दाव्यात मनाई हुकूम मिळाला, डिसेंबरचा सत्याग्रह थांबवावा लागला, आणि मुंबई हायकोर्टाचा शेवटचा निकाल यायला मार्च 1937 उजाडला. दहा वर्षं, एका तळ्याच्या पाण्यासाठी. निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला, पण त्या दाव्यात तळं नगरपालिकेचं ठरलं होतं. तुमची लिफ्ट महापालिकेची नाही. म्हणून म्हणते, कोर्टाच्या भरवशावर बसू नका.

आणि मालकीचंच बोलायचं तर पूर्ण बोलू. आधी कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर, झालंय का विचारा, ठाण्यात बऱ्याच ठिकाणी लोक "आमची जमीन" म्हणतात आणि कागदावर अजून बिल्डरच असतो. दुसरं, लिफ्टचा मेन्टेनन्स मी भरते. मावशी माझ्या घरी, माझ्या बोलावण्याने येतात. माझे पाहुणे मेन लिफ्टने येतात तेव्हा कोणी ओळखपत्र बघत नाही. मग माझ्या हिश्श्याच्या लिफ्टमध्ये मावशींना न बसवायचा अधिकार चेअरमनना कोणी दिला?

लोक म्हणतात जनरल बॉडीने, म्हणजे सगळ्या सभासदांच्या सभेने, ठराव केला, लोकशाही आहे. मला खरी अडचण इथेच वाटते. सोसायटीत मत सभासदाला. दुबईला राहणाऱ्या, तीन वर्षांत तोंड न दाखवलेल्या फ्लॅटमालकाला मत आहे, भाडेकरूला नाही, बारा तास गेटवर बसणाऱ्या वॉचमनला नाही, मावशींना तर प्रश्नच नाही. मेन्टेनन्सवर मत द्या ना, पैसे तुमचे जातात. पण ज्यांना मीटिंगच्या खोलीत यायलाही परवानगी नाही त्यांनी कुठल्या दारातून जायचं यावर हात वर करणं ही कसली लोकशाही? सरकारला असले कायदे करता येऊ नयेत म्हणूनच मूलभूत हक्क लिहिले गेले, आणि आपण गेटच्या आत सत्तर-ऐंशी घरांचं छोटं सरकार चालवतो ज्याला ते हक्क नीट लागूच होत नाहीत. 2008 मध्ये राज्याने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, म्हणजे कागदावर त्या कामगार आहेत. आपल्या गेटवरच्या ॲपमध्ये मात्र त्या "मेड", आणि खाली स्टार.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. पहिल्या एजीएमला (वार्षिक सभेला) मी समानता, संविधान वगैरे भाषण केलं आणि साफ आपटले. एक काका म्हणाले, "मॅडम, सही तुमचीच आहे." खरंच होतं. पुढच्या वर्षी भाषण केलं नाही, फक्त नोटिशीचं वाक्य बदलून नेलं: कचरा, फर्निचर, सिलिंडर, सायकल, बांधकामाचं सामान सर्व्हिस लिफ्टने न्यावं, मग नेणारा कोणीही असो. माणसाबद्दल अक्षर नाही, फक्त सामान. आता याला विरोध करायचा तर उघड बोलावं लागतं की मला सामानाचा नाही, बाईचा त्रास आहे, आणि ते मिनिट्समध्ये लिहून घ्यायला मी पेन घेऊन बसलेच होते. सात मतांनी पास झालं. कचरा उचलायची वेळ साडेदहानंतर केली, आणि सकाळच्या गर्दीची जी मूळ तक्रार होती ना, ती त्यानेच बरीचशी मिटली. त्या काकांच्या मुलाला पहिल्याच आठवड्यात सायकल घेऊन सर्व्हिस लिफ्टने जावं लागलं, पंधरा दिवस काका आमच्याशी बोलत नव्हते.

तुम्ही एवढं करा. नोटिशीचा तारखेसकट फोटो काढा. हा ठराव जनरल बॉडीचा की नुसता कमिटीचा हे लेखी विचारा, सभासद म्हणून मिनिट्सची कॉपी मागायचा हक्क सहकार कायद्यानेच दिलाय, त्याला आरटीआय लागत नाही. नोटिशीत दंड लिहिला असेल तर जनरल बॉडीच्या मंजुरीशिवाय तो चालत नाही, तो मुद्दा घेऊन सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जाता येतं. तक्रार तुमच्या नावाने करा, मावशींच्या नावाने अजिबात नको, गेटवर त्यांचा पास बंद करायला दोन मिनिटं लागतात. आणि मीटिंगच्या आधी कमिटीतल्या एकाला तरी सव्वानऊला सर्व्हिस लिफ्टच्या रांगेत उभं करा, शक्यतो सोमवारी, रविवारचा कचरा असतो.