आषाढी ते तुळशीचे लग्न

प्रश्न : मी सोलापुरात लग्नसमारंभांची छायाचित्रे काढतो. आषाढी एकादशी उलटली, की तुळशीच्या लग्नापर्यंत हाताला फारसे काम नसते. घरातली कामे खोळंबली आहेत, मित्र दुरावले आहेत, आणि स्वतःसाठी कॅमेरा उचलून तर कितीतरी काळ लोटला. या दिवसांचे काय करावे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : सुरुवात भिंगांच्या कपाटापासून करावी, कारण पावसाळी दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते आणि ती आतल्या काचेपर्यंत पोहोचली, की दुरुस्तीचा खर्च अंगावर येतो. चामड्याच्या पिशव्यांऐवजी घट्ट झाकणाचा डबा, त्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलचे निळे खडे आणि लहान आर्द्रतामापक ठेवावा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असावा. हे खडे गुलाबी झाले, की तापवून पुन्हा वापरता येतात. जुन्या लग्नांच्या फायलींच्या तीन प्रती कराव्यात, त्यांतली एक घराबाहेर असावी. भिंतींचा रंग मात्र पाऊस सरेपर्यंत थांबू द्यावा.

मित्रांना ‘एकदा भेटू या’ असे नुसते कळवू नये. तसे म्हणून कोणीच भेटत नाही. त्यांच्यापैकी एकाला सोबत घेऊन सकाळी हिप्परगा तलावावर जावे, किंवा मालकाची परवानगी काढून पूर्व भागातला एखादा यंत्रमागाचा कारखाना गाठावा. तिथे फ्लॅश न लावता, कॅमेरा तिपाईवर ठेवून शटर १/१५ सेकंदावर आणल्यास आडवा धागा नेणाऱ्या धावत्या धोट्याची पुसट रेघ उमटते. अशा चित्रांना गिऱ्हाईक नसते, म्हणूनच ती सुचवीत आहे. त्यांतली दोन-चार छापून कारागिरांना अवश्य नेऊन द्यावीत.