सिस्टर, आता आम्ही काय करायचं?

हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटना सांभाळतात तिथे, नातेवाईक मला गाठतात ते खोलीबाहेर, पेशंटच्या कानाआड. या वेळची पत्रंही तशीच आहेत, दबक्या आवाजातली. उत्तरं मी नेहमीच्याच आवाजात देते आहे. औषधांचे डोस मात्र इथे शोधू नका, ते तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचे.

बाबांना फुप्फुसाचा कॅन्सर आहे, पसरलेला. केमो चालू आहे, बाबा अजून चालते-फिरते आहेत. तरी डॉक्टरांनी पॅलिएटिव्ह केअरच्या टीमला भेटायला सांगितलं. आत्या म्हणते, "म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले. जाऊ नकोस तिकडे." काय करू?

जा. जमलं तर आत्यांनाही घेऊन जा.

आत्या ज्याला घाबरल्या आहेत ते हॉस्पिस. आजारावरच्या उपचारांचा आता उपयोग नाही असं ठरल्यावरचा तो टप्पा. पॅलिएटिव्ह केअर त्याच्या कितीतरी आधी, आजार कळल्या दिवसापासून, केमोच्या जोडीने चालू शकते. दुखणं, दम, मळमळ, झोप, मनाची घालमेल हे सगळं तिच्या अखत्यारीत येतं. 2010 साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तुमच्या बाबांसारखाच आजार असलेले 151 रुग्ण त्यात होते. काहींना नेहमीचे उपचार दिले, काहींना त्याच उपचारांसोबत सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह टीम दिली. दुसऱ्या गटात मन खचण्याचं प्रमाण कमी निघालं, शेवटच्या दिवसांतले आक्रमक उपचार कमी झाले, आणि तरीही त्या गटातलं आयुष्य साधारण 11.6 महिने भरलं, पहिल्या गटात 8.9. ही कुणाला दिलेली हमी नव्हे. पण "तिकडे गेलं की माणूस लवकर जातो" या म्हणण्यात दम नाही, एवढं यावरून कळतं.

पहिल्या भेटीत बाबांनाच बोलू द्या. घरचे सांगतात, "दम लागतो हो फार." पेशंट सांगतो, "उचक्यांनी रात्रभर डोळा लागत नाही." उचक्यांवर औषध असतं, पण त्या कुणी सांगितल्या तर ना!

आईला दर चार तासांनी मॉर्फिनचं सिरप सांगितलंय. सवय लागेल, श्वास बंद पडेल, या भीतीने मी मधला एखादा डोस गाळते. भाऊ म्हणतो, आत्ताच संपवलंस तर शेवटी काय देशील?

तुमच्या भावाची भीती आधी घेते, कारण ती सर्रास आढळते. मॉर्फिन शेवटासाठी राखून ठेवायची गोष्टच नाही. दुखणं वाढलं की डोस वाढवता येतो, आणि अमुक एका डोसापुढे ते कामच करत नाही असंही नसतं.

डोस गाळल्यावर काय होतं ते पाहा. साध्या सिरपचा असर साधारण चार तास टिकतो. पुढचा डोस चुकला की दुखणं चढतं, आणि चढलेलं दुखणं खाली आणायला जास्त औषध लागतं. म्हणजे औषध वाचवायला म्हणून गाळलेला डोस उलट महागात पडतो, आणि किंमत मोजते आई. लंडनला 1967 मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांचा याच गोष्टीवर भर होता: औषध घड्याळाप्रमाणे, दुखणं परत यायच्या आत. बाई आधी नर्स होत्या, नंतर डॉक्टर झाल्या, त्यामुळे खाटेशेजारी रात्र कशी जाते ते त्यांना ठाऊक होतं.

सवयीचं म्हणाल तर शरीराला मॉर्फिनची ओळख होते हे खरं, म्हणून ते एकदम बंद करायचं नसतं. पण दुखतंय म्हणून औषध मागणं म्हणजे व्यसन नव्हे. श्वासाचं असं की कमी डोसाने सुरुवात करून बेताबेताने वाढवलं तर तो धोका फार कमी असतो. दम लागलेल्या पेशंटला तर आम्ही दम कमी करायलाच थोडं मॉर्फिन देतो. पहिले दोन-तीन दिवस आई जास्त झोपेल. गुंगीही असते, आणि इतक्या रात्रींची राहिलेली झोपही असते.

दोन गोष्टींवर मात्र डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. पहिली म्हणजे पोट. मळमळ काही दिवसांत निवळते, बद्धकोष्ठता निवळत नाही. पोट साफ होण्याचं औषध मॉर्फिनसोबत पहिल्या दिवसापासून चालू हवं. चिठ्ठीवर नसेल तर मागून घ्या, लाजू नका. दुसरी म्हणजे हातपाय दचकल्यासारखे उडणं, भलतंसलतं दिसणं, किंवा हाक मारून हलवूनही जाग न येणं. यातलं काहीही दिसलं तर लगेच फोन करा. विशेषतः लघवी कमी झालेली असेल तर औषध अंगात साचत असू शकतं.

एक वही करा. वेळ, डोस, कुठे दुखतंय, दहापैकी किती, शौचाला कधी झाली. पुढच्या वेळी डॉक्टरांपुढे ही वही ठेवलीत की "बरं आहे का?" आणि "तसं बरंच म्हणायचं" या संवादात वेळ जात नाही.

माझ्या मिस्टरांनी खाणं जवळजवळ सोडलंय. चमचा नेला की तोंड फिरवतात. सासूबाई रडतात, "माझा मुलगा उपाशी मरतोय, निदान सलाईन तरी लावा." डॉक्टर नको म्हणतात. मी दोघांच्या मध्ये अडकले आहे.

सासूबाईंचं चुकत नाही. ज्या मुलाला भरवून मोठं केलं तो तोंड फिरवतो, हे कुठल्या आईला पाहवेल? म्हणून त्यांना "आता उपयोग नाही" असं सांगू नका. त्यापेक्षा हे सांगा: तो खात नाही म्हणून जात नाहीये, तो जायला निघालाय म्हणून त्याची भूक गेली आहे. शरीर एकेक काम बंद करत असतं, पचन त्यात लवकर बंद होतं. जबरदस्तीने भरवलेलं ठसक्याने श्वासनलिकेत जातं किंवा उलटून पडतं.

सलाईनचा प्रश्न मला विचारला जातोच. मूत्रपिंडं आणि हृदय मंदावलेलं असताना बाटलीतलं पाणी जाणार कुठे? पायांवर सूज येते, फुप्फुसात पाणी साठतं, छातीत घरघर वाढते, आणि त्यात ती सुई सुटू नये म्हणून हात बांधल्यासारखा ठेवावा लागतो. कधीकधी आम्हीही देतो, पण थोडं, आणि काही नेमकं कारण असलं तरच, उदाहरणार्थ उलट्यांनी पाणी गेलंय आणि माणूस अजून बोलता-चालता आहे. "काहीतरी चाललंय असं वाटावं" हे कारण घरच्यांच्या मनाचं असतं. ते समजण्यासारखं आहे, पण त्याची सुई पेशंटच्या हातात टोचायची नाही.

तहानेची जाणीव या दिवसांत मुख्यतः कोरड्या तोंडातून येते, आणि कोरडं तोंड तुम्हाला सांभाळता येतं. हे काम सासूबाईंच्या हाती द्या. मी कसं शिकवते ते लिहिते. उशाकडची बाजू थोडी उचलायची, मान किंचित एका अंगाला. अगदी मऊ, लहान मुलांचा ब्रश किंवा स्पंजची काडी पाण्यात बुडवून नीट पिळायची, थेंब गळता कामा नये. आधी ओठांना लावायची. ओठ उघडले की गालाच्या आतून, हिरड्यांवरून, मग जिभेखालून. जिभेवरचा पांढरा थर खरवडायचा नाही, ओला करून सैल होऊ द्यायचा. स्पंज त्यांनी दातांत धरला तर ओढायचा नाही. धरतात बऱ्याचदा, चोखतातही, आणि सासूबाईंना त्या क्षणी काय वाटेल ते मी सांगायला नको. आपोआप सोडतात. शेवटी ओठांना साधं मलम लावायचं. लिंबू-ग्लिसरीनवाल्या काड्या कुणी आणून दिल्या तर बाजूला ठेवा, त्यांनी तोंड उलट कोरडं पडतं. जागे असताना दर तास-दोन तासांनी हे केलं तरी चालतं.

मागितलं तर घोटभर द्या, आवडीचं असेल ते. खोकला आला की थांबा. तोंड फिरवलं तर ते त्यांचं "नको" आहे. बाकी सगळं त्यांच्यासाठी दुसरेच ठरवताहेत, निदान एवढं तरी त्यांचं त्यांच्याकडे राहू द्या.

आईला तिचा आजार माहीत नाही. सांगायचं नाही असं आम्ही तिघा भावंडांनी ठरवलंय. काल तिने विचारलं, "मी आता घरी नाही ना गं जाणार?" मी पटकन विषय बदलला. सांगावं का?

तिला माहीत नाही असं तुम्हाला अजून वाटतंय?

आमच्याकडे एक आजोबा होते. त्यांनी मला बजावलं होतं, "सिस्टर, हिला कळू देऊ नका, ती कोलमडेल." त्याच पाळीत आजींनी जिन्याशी मला थांबवलं आणि म्हणाल्या, "ह्यांना काही सांगू नका हं." दोघांनाही सगळं माहीत होतं. मध्ये राहून गेली होती लॉकरची किल्ली, कुणाला तरी उसने दिलेले पैसे, आणि धाकट्या भावाशी धरलेला अबोला. शेवटी मी आजोबांना एवढंच म्हटलं, "आजी म्हणतात तेच तुम्ही म्हणताय." त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे बघितलं, मग म्हणाले, "पाठवा तिला आत. आणि दार लावून घ्या." किल्ली सापडली. भावाचं काय झालं ते मला ठाऊक नाही.

तेव्हा तुमचा प्रश्न "सांगावं का" असा नाहीच. आईने विचारलंय, आणि तीन मुलांमधून तुम्हाला विचारलंय. पुन्हा विचारेल तेव्हा खुर्ची ओढून बसा आणि तिलाच विचारा, "तुला काय वाटतं?" मग गप्प राहा. हे गप्प राहणं फार जड जातं, पण तुम्ही बोललात तर ती थांबेल. ती म्हणेल, "वाटतं नाही जाणार." तेव्हा "असं बोलू नकोस" म्हणायचं नाही. "मलाही भीती वाटते तशी" एवढं पुरतं. ती म्हणाली, "होईन गं बरी," तर तिला आज एवढंच झेपतंय, त्यापुढे ओढू नका. जेवढं विचारलं तेवढंच सांगायचं, पण सांगू ते खरं. किती दिवस, हा आकडा मात्र देऊ नका. आम्हीही "महिन्यांत नव्हे, आठवड्यांत" इतपतच बोलतो.

भावंडांना आधी विश्वासात घ्या, नाहीतर भांडण खाटेपाशी होईल. घरात नातवंडं असतील तर त्यांनाही साध्या शब्दांत सांगा की आजी खूप आजारी आहे आणि ती मरणार आहे. "आजी झोपणार आहे" म्हटलं की मूल रात्री स्वतः झोपायला घाबरतं.

काकांच्या घशातून घरघर येतेय, श्वास मध्येच थांबतो. गुदमरताहेत का? ऑक्सिजन लावायला सांगू का?

शुद्ध हरपलेली असेल तर बहुधा त्यांना तो त्रास जाणवत नाही, ऐकणाऱ्यालाच जास्त होतो. गिळणं थांबल्यामुळे लाळ घशात साठते आणि श्वास तिच्यातून जातो, त्याचा तो आवाज. कुशीवर वळवा, पाठीला उशीचा आधार द्या. नळी घालून ओढून काढणं खोलवर टोचतं आणि लाळ पुन्हा साठतेच. लाळ कमी करणारी इंजेक्शनं असतात, ती लवकर दिली तर उपयोग होण्याची शक्यता जास्त. श्वासात वीस-तीस सेकंदांचा खंड पडून पुन्हा सुरू होणं, पावलं गार पडणं, गुडघ्यांवर जांभळट जाळी दिसणं ही शेवट जवळ आल्याची लक्षणं आहेत. ऑक्सिजनने त्यात फरक पडत नाही. कपाळावर आठ्या दिसल्या, कण्हणं किंवा तळमळ दिसली, तर सिस्टरला बोलवा. त्यावर औषध आहे. लघवी तुंबली आहे का तेही बघायला सांगा, तळमळीचं कारण कधीकधी एवढंच निघतं.

आणि बोलत राहा. 2020 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी हॉस्पिसमधल्या प्रतिसाद न देणाऱ्या काही रुग्णांच्या मेंदूच्या लहरी तपासल्या, तेव्हा आवाजाला त्यांचा मेंदू प्रतिसाद देत असल्याचं दिसलं. अर्थ कळतो का, हे त्यातून ठरत नाही. तरी जमिनीच्या वाटण्या खोलीबाहेर करा, एवढं मी दर आठवड्याला कुणाला ना कुणाला सांगते.

ह्यांची सेवा करताना एकदा मनात आलं, सुटावेत आता. पुढे ते गेले तेव्हा मी तोंड धुवायला उठले होते, तेवढ्यात. माझ्या मनातलं त्यांना कळलं असेल का? रात्री झोप नाही. माझ्या बीपीच्या गोळ्याही मध्यंतरी सुटल्या. मॉर्फिनच्या बाटल्या तशाच कपाटात आहेत.

नाही. "सुटावेत" हे मनात न आलेली माणसं मला फार थोडी भेटली आहेत, आणि ज्यांच्या मनात आलं तीच बहुतेक रात्रभर जागलेली असतात. खोली रिकामी झाली की प्राण सोडणारेही बरेच पाहिले. असं का होतं याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण तुम्ही उठलात म्हणून ते गेले, असं नाही.

बीपी उद्याच तपासून घ्या. गोळ्या मनाने सुरू करू नका, कदाचित डोस बदलावा लागेल. झोपेचंही त्याच डॉक्टरांना सांगा, आणि ह्यांच्याबद्दलही सांगा, नुसतं "झोप नाही" म्हणून गोळी घेऊन येऊ नका. आमच्यासारख्या बऱ्याच टीम घरच्यांना नंतरही भेटतात, तुमच्या टीमला फोन करून विचारा. त्याच फोनवर उरलेल्या मॉर्फिनचं काय करायचं तेही विचारा आणि त्या बाटल्या परत करून या. सोबत कुणाला तरी न्या.