बोर्डासाठी टोकदार, चौकोनी देवनागरी अक्षर स्वतः काढलं तर लांबनं वाचता येईल का?

येईल की. मंडळाच्या बोर्डाला आणि टीशर्टला एकही गोलाई नसलेलं, सगळं सरळ रेषांचं अक्षर करायचं म्हणताय तर जरूर करा, फक्त सुरुवात क पासून करू नका, ध आणि भ आधी काढा.

का ते सांगतो. मी बेळगावात शहापूरला बोर्डाचं काम करतो, रेडियम कटिंग, एसीपी म्हणजे ॲल्युमिनियमच्या पॅनेलवरची अक्षरं वगैरे. काही वर्षांमागं एका दुकानाचं धनश्री हे नाव कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये असंच चौकोनी काढलं, ध च्या डोक्यावरचं वळण काटकोनात मोडलं आणि ते जाऊन शिरोरेषेला टेकलं. कंप्युटरवर झकास दिसत होतं. बोर्ड वर चढवला आणि मालकांच्या आईंनी रस्त्याच्या पलीकडनं वाचलं, घनश्री! परत कापून दिलं, पैसे गेले त्याचं काही नाही, पण त्या माउलीचं उतरलेलं तोंड अजून आठवतं.

ध-घ आणि भ-म यांच्यात फरक असतो तो तुटलेल्या शिरोरेषेचा आणि त्या वळणाचा, वळण गेलं की सगळा भार त्या फटीवर येतो, म्हणून फट निदान तुमच्या रेषेच्या जाडीएवढी तरी ठेवाच. ख पण खालनं नीट जोडा नाहीतर रव होतो.

इंग्रजीतही हे झालंय. विम क्रौवेल या डच डिझायनरनी 1967 मध्ये न्यू अल्फाबेट केला, त्या काळच्या स्क्रीनवर गोलाई नीट उमटायची नाही म्हणून नुसत्या आडव्या-उभ्या रेषा. दिसायला फार देखणा, पण काही अक्षरं ओळखायला थांबावं लागतं. आपल्याकडचं बघायचं तर इंडियन टाइप फाउंड्रीचे टेको आणि राजधानी हे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत, बांधणी चौकोनी पण कोपरे जरा मऊ, त्यातला ध मोठा करून बघा, बरंच शिकायला मिळेल.

आणि राउटरवर, म्हणजे फिरत्या पात्यानं कापणाऱ्या मशीनवर, कापणार असाल तर बाहेरचा कोपरा टोकदार येतो, आतला येत नाही, 3 मिमीचा बिट (ते पातं) असेल तर आत दीड मिमीची गोलाई राहणारच. लेझरला हा त्रास नाही.

आपल्या भागात आणखी एक, कर्नाटकात 2024 पासून बोर्डावर 60 टक्के कन्नड लागतं, म्हणजे मराठीला खाली बुटकी पट्टी उरते. तिथं अक्षर उंच केलं की ‘कुस्ती’सारख्या शब्दातला उकार आणि वेलांटी दाबली जाते. तेव्हा अक्षराची उंची पट्टीच्या निम्मीच धरा, वरखाली मात्रांना मोकळं सोडा, आणि शेजारचं कन्नड गोल नि भरीव दिसतं त्यामुळं तुमची रेष थोडी जाडच घ्या.