कार्गो पायलटचं नंतर बघू, आधी ती पॉलिसी परत करा

भुसावळहून पत्र आलंय. लिहिणारे मालगाडीचे गार्ड. हल्ली पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण भुसावळात अजून गार्डच. वय 56, निवृत्तीला चार वर्षं. मुलगी 22 वर्षांची, फिजिक्स घेऊन बी.एस्सी. हवाई दलासाठी दोनदा एसएसबीपर्यंत, म्हणजे निवड मंडळाच्या मुलाखतीपर्यंत पोचली, दोन्ही वेळा परत आली. "मी जन्मभर मालगाड्या नेल्या, पोरीला मालाचं विमान न्यायचंय," असं त्यांनी लिहिलंय. पुण्याच्या एका सल्लागारानं 'कार्गो पायलट स्पेशल' कोर्सचे 82 लाख सांगितलेत, एकरकमी भरले तर 4 लाख सूट. जळगाव रस्त्यावरचा प्लॉट 44 लाखांना विकलाय, घर तारण ठेवून 50 लाखांचं कर्ज काढायचंय. प्रश्न असा, की हवाई दलाचा अनुभव नसताना कार्गोत घेतील का, आणि 4 लाखांची सूट घ्यावी का?

आणि पत्राच्या शेवटी, ताजा कलम म्हणून: "कर्ज लवकर मंजूर व्हावं म्हणून बँकेतल्या साहेबांनी मुलीच्या नावे एक पॉलिसी दिली आहे, वर्षाला 6 लाख, 10 वर्षं. पहिला हप्ता प्लॉटच्या पैशातून भरला."

भाऊ, तुमचा प्रश्न दोन दिवस थांबेल. हा ताजा कलम थांबणार नाही.

पॉलिसीचे कागद तुम्हाला 4 तारखेला कुरिअरनं मिळाले आणि आज 20 आहे. कागद हातात पडल्यापासून 30 दिवसांच्या आत कुठलीही आयुर्विमा पॉलिसी कारण सांगून परत करता येते. याला फ्री लूक म्हणतात, विमा नियामकाचाच नियम आहे. स्टॅम्प ड्युटी, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे थोडे पैसे कापून बाकी सगळे परत मिळतात. म्हणजे तुमच्याकडे चौदा दिवस आहेत. पंधराव्या दिवशी हेच 6 लाख अडकले समजा.

तुम्ही पाठवलेला पॉलिसीचा तक्ता मी नीट पाहिला. त्यात दोन रकाने आहेत, एक परतावा 4 टक्के धरून आणि दुसरा 8 टक्के धरून. साहेबांनी हिरव्या पेनानं 8 टक्क्यांखालच्या 1 कोटी 5 लाखांना गोल केलाय. ती रक्कम हमीची नाही, हे त्याच पानावर खाली बारीक अक्षरात छापलंय. समजा मिळाली, तरी तुम्ही 10 वर्षांत 60 लाख भरणार आणि 15 वर्षांनी 1 कोटी 5 लाख घेणार. हे पडतं वर्षाला साडेपाच टक्क्यांच्या आसपास. 4 टक्क्यांच्या रकान्यात 72 लाख आहेत, म्हणजे दोन टक्केही नाहीत. आणि कर्ज घेताय 11 टक्क्यांनी. 11 टक्क्यांनी घेऊन साडेपाच टक्क्यांनी ठेवायचे, असा व्यवहार कुठल्या केळीच्या आडतदारानं तुम्हाला सुचवला असता, तर तुम्ही त्याला चहासुद्धा पाजला नसता.

"सगळं टॅक्स फ्री" असंही सांगितलंय म्हणे. साफ खोटं. 1 एप्रिल 2023 नंतर घेतलेल्या अशा पॉलिसींचा वर्षाचा हप्ता 5 लाखांवर गेला, की मुदतीनंतर मिळणारा नफा करपात्र होतो. तुमचा हप्ता 6 लाख आहे. विकणाऱ्याला हे माहीत नसेल तर त्यानं विमा विकू नये, आणि माहीत असेल तर मला त्याचा फारच राग येतो.

आता निवृत्तीनंतरचं बघा. 50 लाखांचं कर्ज शिक्षण संपेपर्यंत व्याजासह 60 लाखांवर जातं. 10 वर्षांचा हप्ता महिना 82 हजार. पॉलिसीचे महिन्याला 50 हजार. एकूण 1 लाख 32 हजार. तुमचं पेन्शन तुम्हीच लिहिलंय, 50 हजारांच्या आत-बाहेर. राहतं घर तारण. पोरीला नोकरी लागायला दीड वर्ष उशीर झाला तर काय होईल, ते मला लिहवत नाही.

कर्जासाठी विमा घ्यायची सक्ती कुठल्याही बँकेला करता येत नाही. "पॉलिसी परत केली तर फाइल अडेल" असं साहेब म्हणाले तर एवढंच म्हणा, की लेखी द्या. देणार नाहीत. शैक्षणिक कर्जाच्या सरकारी विद्यालक्ष्मी पोर्टलवरून दुसऱ्या बँकांकडेही अर्ज करा. कर्जाला संरक्षण हवंच असेल तर कर्जाएवढा नुसता मुदत विमा घ्या. त्यात परतावा नसतो, म्हणूनच तो स्वस्त असतो.

अजून एक, तेही तुम्ही विचारलेलं नाही. प्लॉट 2005 मध्ये 5 लाखांना घेतला होता. 39 लाखांच्या नफ्यावर साडेबारा टक्क्यांनी जवळजवळ 5 लाख कर बसेल. ते आजच बाजूला काढा.

आता तुमचा प्रश्न. कार्गो पायलटचं वेगळं लायसन्स भारतात नाही. प्रवासी विमान असो की मालाचं, डीजीसीएचं, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचं कमर्शियल पायलट लायसन्स एकच: 200 तासांचं उड्डाण आणि लेखी पेपर. त्यामुळे 'कार्गो स्पेशल' ही पाटी फक्त जास्त पैसे घेण्यासाठी आहे. हवाई दलाची अटही नाही. हा समज बहुधा अमेरिकेवरून आलाय. तिथं एअरलाइनमध्ये बसायला नागरी पायलटला साधारण 1,500 तास लागतात, लष्करातून आलेल्याला 750. आणि तिथल्या मोठ्या कार्गो कंपन्यांत जायचं तर आधी त्या देशात काम करायचा हक्क हवा.

आपल्याकडे खरी अडचण मालाच्या विमानांच्या संख्येची आहे. ब्ल्यू डार्टची बोइंग 757 आणि 737, क्विकजेटची 737, इंडिगोची मालवाहू केलेली ए321, आणि अशीच आणखी थोडी. बराचसा माल प्रवासी विमानांच्या पोटातूनच जातो. त्यामुळे नवशिक्याला थेट मालाच्या विमानात जागा मिळणं अवघड. आधी प्रवासी एअरलाइन किंवा फ्लाइंग इन्स्ट्रक्टर, तिथं तास जमवायचे, मग कार्गो, हा रस्ता जास्त वापरातला. 82 लाखांतलं टाइप रेटिंग, म्हणजे एका ठरावीक जातीचं विमान उडवायची पात्रता, आत्ता विकत घेऊच नका. आज 737 चं केलं आणि उद्या जागा ए320 च्या निघाल्या, तर पंधरा-वीस लाख पडून राहतील. नोकरी समोर दिसली की मगच.

पहिला खर्च काही हजारांचा, पायलटच्या वैद्यकीय तपासणीचा: क्लास टू मेडिकल, मग क्लास वन. डोळे, कान, हृदय यांत काही निघालं, तर ते 82 लाख भरायच्या आधी कळायला हवं. हवाई दलाचं मेडिकल झालेलं नाही, कारण शिफारसच आली नाही, म्हणून हे आणखी गरजेचं. नंतर घरी बसून डीजीसीएचे पेपर. पेपर सुटेपर्यंत उड्डाणाला एक रुपया भरू नका.

उडायला पुण्याच्या सल्लागाराची गरज काय? खान्देशातच शिरपूरला, धुळ्याला गोंदूरला आणि जळगावला प्रशिक्षण चालतं. जळगाव तर तुम्हाला पंचवीस किलोमीटर, मुलगी घरून डबा घेऊन जाईल. तिन्हीकडे स्वतः जा. ऑफिसात बसू नका, हँगरकडे चाला. किती विमानं उडतात आणि किती उघडी पडलीत ते मोजा. मागच्या बॅचच्या पोरांना चहाला न्या आणि 200 तासांना किती महिने लागले ते विचारा. पावसाळ्यात उड्डाणं रखडतात, त्याचा हिशेब धरा. फी उडालेल्या तासांप्रमाणे टप्प्यांत भरा. एकरकमीची 4 लाखांची सूट अजिबात नको, संस्था रखडली तर बाकीचे पैसे काढता काढता पोरीची वर्षं जातील.

पॉलिसीचे 6 लाख आले आणि कराचे 5 गेले, की तुमच्याकडे 39 लाख. त्यातले 4 घरात ठेवा. लायसन्सला पन्नास ते साठ लाख धरले तर 35 तुमचे आणि कर्ज 15-25 लाखांचं. व्याज चढून 30 झालं तरी हप्ता 41 हजार. पेन्शनमध्ये ओढाताण होईल, पण घर राहील. ग्रॅच्युइटी आणि पीएफला हात लावायचा नाही, पोरीनं मागितलं तरी नाही. ते तुमच्या दोघांच्या म्हातारपणाचे आहेत.

उद्या ड्यूटीवर जायच्या आधी विमा कंपनीच्या नावे अर्ज लिहा: पॉलिसी क्रमांक, कागद मिळाल्याची तारीख, "फ्री लूक कालावधीत पॉलिसी रद्द करावी", कारण "कर्जाची अट सांगून विकली". कुरिअरचं पाकीट जपून ठेवा, तारखेचा पुरावा तोच. अर्ज शाखेत देऊन शिक्का मारून घ्या, वर स्पीड पोस्टानं आणि ईमेलनंही पाठवा. साहेब फोन करून "पुढच्या वर्षी बंद करू" म्हणतील, त्यांना हो म्हणू नका. पंधरा दिवसांत कंपनीनं काही केलं नाही तर विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाका. शिक्क्याच्या प्रतीचा फोटो मला पाठवा, मी वाट बघतोय.